रुजू तारीख

सकाळी ६.४०
भोसरीच्या गेटवर पंचिंगची रांग लागायच्या आतच तिघांनी पत्रं माझ्या हातात कोंबली. मजकूर तिन्हींत एकच: हा कारखाना येत्या एक तारखेपासून दुसऱ्या कंपनीकडे जातोय, तुम्हाला तिथे नोकरी देण्यात येत आहे, सोबतच्या प्रतीवर सही करून सात दिवसांत परत करावी. तीन पानं, सगळी इंग्रजीत. आमची पोरं आयटीआयची. इंग्रजी वाचता येतं, पण असलं पत्र हातात आलं की आधी शेवटच्या पानावरची सहीची जागा शोधतात. मी अंतर्गत युनियनचा सरचिटणीस. माझ्याकडे पत्र आणतात ते वाचून घ्यायला नाही. प्रश्न एकच असतो, "दादा, करू का सही?"

दुसऱ्या पानावर एक चौकट आहे. नाव, तिकीट नंबर, हुद्दा, मूळ पगार अधिक डीए, सगळं बरोबर. शेवटच्या ओळीत नियुक्तीची तारीख, आणि तिच्यासमोर येती एक तारीख. हे पत्र ज्याचं, तो माणूस सतरा वर्षं पॉवर प्रेसवर उभा आहे.

"सह्या थांबवा," एवढं सांगितलं आणि पंचिंग केलं.

७.३०
आमचे शॉपचे साहेब माणूस चांगला, पण वरून जे सांगतील ते खाली सांगणारा. "काही बदलत नाही रे, गेटवरचा फक्त बोर्ड बदलतोय." असं कधी कधी असतंही. २७ जानेवारी २०२२ला सरकारने एअर इंडिया टाटांच्या ताब्यात दिली, तेव्हा हात बदलले ते शेअर. लोकांना नोकरीवर ठेवणारी कंपनी तीच राहिली, त्यामुळे कुणाची नियुक्ती नव्याने करायचा प्रश्नच नव्हता. एक वर्ष कुणाला काढायचं नाही, ही अट सौद्यातच घातली होती. आमची गोष्ट वेगळी. आमची कंपनी जागेवरच राहणार आहे, तिने फक्त हा कारखाना विकलाय. म्हणजे एक तारखेला बोर्डाबरोबर मालकही बदलणार. कायदा लागू होतो तो इथे.

साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मलाही तेच पत्र आलंय." ठरावीक पगाराच्या वरचे सुपरवायझर कायद्याच्या व्याख्येत कामगार धरले जात नाहीत, त्यांना त्यांच्या करारात लिहिलंय तेवढंच. त्यांचा चेहरा बघून पुढे काही बोललो नाही.

१०.१५
चहा. पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. मूळ पगार अधिक डीए २६,०००. ग्रॅच्युइटीसाठी भागिले २६, म्हणजे दिवसाचे १,०००. एका वर्षाला पंधरा दिवस धरून १५,०००. सतरा वर्षांचे २,५५,०००. कंपनी म्हणते हे आत्ताच देऊन टाकतो, हिशेब पूर्ण.

आता समजा हा गडी अजून बारा वर्षं राहिला आणि निवृत्त होताना पगार ५२,००० झाला. सेवा अखंड धरली तर २९ वर्षं गुणिले ३०,०००, म्हणजे ८,७०,०००. तारीख तोडली तर आजचे २,५५,००० आणि पुढच्या बारा वर्षांचे ३,६०,०००, मिळून ६,१५,०००.

मेंटेनन्समधला एक पोरगा हुशार. म्हणाला, "दादा, आजचे अडीच लाख एफडीत टाकले तर बारा वर्षांत फरक भरून निघतो की." निघतो, तेही खरं. व्याज बरं मिळालं तर थोडे वरच पडतील. फक्त हातात आलेले अडीच लाख बारा वर्षं एफडीत ठेवणारा कामगार मी अजून पाहायचाय. गावाकडचं घर आहे, बहिणीचं लग्न आहे.

पण माझा मुद्दा ग्रॅच्युइटीचा नाहीच. नव्या मालकाने दोन वर्षांनी कपात काढली तर? कपातीची भरपाई दर पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे आजच्या पगाराने साधारण १३,०००. सेवा अखंड धरली तर एकोणीस वर्षांचे २,४७,०००, तारीख तोडली तर दोन वर्षांचे २६,०००. शिवाय कपातीत शेवटी लागलेला आधी जातो, हा नियम. सगळ्यांची रुजू तारीख एकच झाली, तर शेवटी लागलेला कोण? सीनियॉरिटी लिस्ट रद्दीत, आणि कुणाला काढायचं ते एचआरच्या मर्जीवर. माझ्या मते ती ओळ यासाठीच घातलीय. ग्रॅच्युइटी हे वरचं लोणी.

११.३०
एचआरच्या केबिनमध्ये. आम्ही तिघं, ते दोघं, टेबलावर बिस्किटं. बिस्किटं आली की समजायचं, आज काही द्यायचं नाहीये.

मी तीन मागण्या ठेवल्या. पत्रात मूळ रुजू तारीख लिहा. पगार, रजा, बोनस, कॅन्टीन, बस यांत आजच्यापेक्षा काही कमी होणार नाही असं लिहा. पुढे कधी कपात झाली तर नवी कंपनी जुनी वर्षं धरून भरपाई देईल असंही लिहा. या तीन गोष्टी मी मनाने काढलेल्या नाहीत. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५एफएफमध्ये त्या होत्या, आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कलम ७३ म्हणून त्याच आल्यात.

या कलमाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटतं, नव्या मालकाने आपल्याला घेतलंच पाहिजे असं कायदा सांगतो. तसं तो कुठेच सांगत नाही. कारखाना दुसऱ्याकडे गेला, तर किमान वर्षभर सलग नोकरी झालेल्याला कपात झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई द्या, एवढंच त्यात आहे. त्यातून सुटका हवी असेल तर या तीन अटी पाळा, तिन्ही एकदम. म्हणजे सेवा अखंड ठेवणं हा मालकाचा भरपाई वाचवायचा मार्ग. मला हा कायदा अर्धाच वाटतो. पण हातात आहे तो हाच.

एचआरचे साहेब म्हणाले, "ज्यांना जायचं नाही त्यांनी राजीनामा द्यावा." मी म्हटलं, राजीनामा कशाला? कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधला फिलिप्सचा कारखाना व्हिडिओकॉनकडे गेला, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०११ साली सांगितलंय की कामगाराला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या मालकाच्या हाताखाली ढकलता येत नाही. राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी-पीएफशिवाय हातात काही उरत नाही, हे त्यांनाही ठाऊक. तारखेचा मुद्दा "लीगलला विचारतो" वर थांबला. पीएफवर मात्र वाद झाला नाही. यूएएन तोच राहतो, आणि जुन्याने काही थकवलं असेल तर नवाही जबाबदार, हे दोघंही जाणून होते.

१२.४५
कॅन्टीनला बार्शीकडचे चौघं एकाच टेबलावर. त्यांना विचारलं, हा कायदा कुठून आला माहितेय का? तुमच्याच गावातून.

बार्शी लाईट रेल्वे, कुर्डुवाडीची ती छोटी गाडी, खासगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ला सरकारने ती ताब्यात घेतली. कंपनीने नोव्हेंबरातच नोटिसा लावल्या की ३१ डिसेंबरला सगळ्यांची नोकरी संपली. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण त्याच रुळांवर, त्याच कामाला, पण सरकारचे नोकर म्हणून. लोकांनी कपातीची भरपाई मागितली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २७ नोव्हेंबर १९५६ला निकाल लागला: धंदा चालू ठेवून जादा माणसं कमी करणं म्हणजे कपात. धंदाच खरोखर बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला, तर ती कपात नव्हे, भरपाई नाही. देशभर ओरड झाली. १९५७मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि ती लागू केली २८ नोव्हेंबर १९५६पासून, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बाकी सगळ्यांना कायदा मिळाला. ज्यांनी भांडून आणला, ते बार्शीवाले त्यातून बाहेरच राहिले.

"आमच्याकडचं असंच असतं," एक जण म्हणाला आणि ताक मागवलं.

ताक घेऊन आल्या त्या मावशी बारा वर्षं इथेच आहेत. मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडून दाखवलं: यूएएन एक, खाली चार ठेकेदारांची नावं, ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं एकाकडेही पूर्ण नाहीत. कॅन्टीन तेच, भांडी तीच, कागदावर मालक चार. ठेका बदलणं म्हणजे कारखाना हस्तांतरित होणं नव्हे, त्यामुळे हे कलम त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. मावशी म्हणाल्या, "तुम्ही साहेबांशी बोलता ना, आमचं पण टाका एका ओळीत." आमच्या युनियनच्या घटनेत सभासद म्हणजे फक्त कायम कामगार. मी ओळ लिहून घेतली. तिच्यावर कार्यकारिणीत भांडण होणार हे नक्की.

३.३०
एक शिफ्ट सुटते, दुसरी भरते, त्या दहा मिनिटांत गेट मीटिंग. मागून कुणीतरी ओरडलं, "तळेगावचं काय झालं ते सांगा!"

तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२०मध्ये उत्पादन थांबवलं. ऑगस्ट २०२३मध्ये ह्युंदाईने करार केला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रांचा. माणसं त्या सौद्यात नव्हती. साणंदला फोर्डचा कारखाना टाटांच्या कंपनीने घेतला, तेव्हा जमीन आणि यंत्रांबरोबर पात्र कर्मचाऱ्यांनाही आधीच्यापेक्षा कमी नाहीत अशा अटींवर नोकरी देऊ केली, आणि ते करारातच लिहिलं. दोन्ही मोटारींचेच कारखाने. म्हणून विचारायचं ते हे, की विकत काय घेतलंय: चालता कारखाना, की नुसती शेड? आमचा सौदा चालत्या कारखान्याचा आहे, असं खुद्द कंपनीच्याच पत्रात पहिल्या ओळीत आहे. ती ओळ मी मोठ्याने दोनदा वाचली.

५.००
पुण्यात सहायक कामगार आयुक्तांकडे. नाशिक फाट्यावर अर्धा तास गेला. अर्जात मागणी एकच: जे ठरेल ते समेट अधिकाऱ्यासमोर ठरावं. अशा कराराला जुन्या लोकांच्या तोंडी अजून जुन्या कायद्यातल्या कलमाचं नाव, "बारा तीनचा करार". केबिनमधला आपसातला करार सही करणाऱ्यांपुरता. समेटात झालेला करार मालकाच्या जागी येणाऱ्यालाही बांधतो, म्हणजे कारखाना पुन्हा विकला तरी कागद बरोबर जातो. क्लार्कने आवक शिक्का मारून पोच दिली. तारीख सोमवारची मिळाली.

९.४५
ग्रुपवर पोच टाकली, खाली लिहिलं: सोमवारपर्यंत कुणी सही करू नये. अंगठे येऊ लागले. मग तिसऱ्या शिफ्टमधल्या एकाने लिहिलं, "मी दुपारीच केली. आता?"

त्याला उत्तर पाठवलं: "घाबरू नको. सही केल्याने कायद्याने दिलेला हक्क बुडत नाही, पण तो मिळवायला कोर्टात वेळ जाईल. सकाळी शिफ्ट सुटली की ऑफिसला थांब. 'माझी सेवा मूळ रुजू तारखेपासून अखंड धरावी, हक्क राखून सही केली आहे' असं पत्र देऊ. दोन प्रती, एकीवर पोच. नेमणुकीचं जुनं पत्र आण. नसेल तर पहिली पगार स्लिप."