दहापैकी पाच म्हणजे नापास नव्हे

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिच्या पश्चिमेस, लिफी नदीच्या काठी, ल्यूकन नावाचे उपनगर आहे. संगणकाच्या आणि इस्पितळांच्या नोकऱ्यांमुळे तेथे पुष्कळ भारतीय कुटुंबे येऊन राहिली आहेत. आपल्या मॉरिशसच्या घरांप्रमाणेच तेथील घरांतही मुलांच्या गणिताची काळजी असते.

समजा, जूनअखेर शाळेचे वर्ष संपले आणि प्रगतिपत्रक घरी आले. गणितापुढे ५ हा आकडा आहे. आई म्हणते, “दहापैकी पाचच?” आणि ते पत्रक मुलीचे असेल, तर घरातले कोणीतरी म्हणते, “जाऊ दे, मुलींना गणित कुठे जमते!” आमच्या मते ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत.

पहिले वाक्य पाहू. आयर्लंडच्या प्राथमिक शाळांत दुसरी, चौथी व सहावी या वर्गांत गणिताची प्रमाणित चाचणी घ्यावीच लागते. तिचा निकाल १ ते १० अशा श्रेणीत देतात. हे दहापैकी गुण नव्हेत. देशभरातील त्याच वर्गाच्या मुलांत आपले मूल कोठे बसते, एवढेच ती श्रेणी सांगते. ५ व ६ म्हणजे सरासरी; सुमारे एक तृतीयांश मुले तेथेच असतात. ८ ते १० या वरच्या श्रेणींत सुमारे एक षष्ठांशच पोहोचतात. तेव्हा पाच मिळालेली मुलगी नापास तर नाहीच, ती बहुसंख्य मुलांच्या बरोबरीने चालते आहे.

आता दुसरे वाक्य. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ साली झाली. तीत आयर्लंडची गणिताची सरासरी ४९२ आली आणि मुलगे मुलींपेक्षा १३ गुणांनी पुढे होते. पण आपल्या मॉरिशसकडे पाहा. प्राथमिक शिक्षणाच्या अखेरच्या परीक्षेत, म्हणजे २०१६ पर्यंत सी.पी.ई. आणि २०१७ पासून पी.एस.ए.सी., गणित धरून एकूण निकालात मुलींचेच उत्तीर्णतेचे प्रमाण जास्त राहत आले आहे. उणीव मुलींच्या बुद्धीत असती, तर ती दोन्ही बेटांवर सारखीच दिसली असती.

खरी दरी दुसरीकडेच आहे. ‘पिसा’ घेणाऱ्या संघटनेच्या सभासद देशांत २०२२ साली मुलगे व मुली यांच्यातला गणिताचा फरक सरासरी ९ गुणांचा होता. सधन व गरीब घरांतील मुलांमधला फरक मात्र ९३ गुणांचा! आयर्लंड सरकारने हे ओळखून मागासलेल्या वस्त्यांतील शाळांसाठी २००५ साली एक योजना आणली. तिचे नाव ऐकायला आपल्या ‘देश’ शब्दासारखे. आयरिश भाषेत त्याचा अर्थ संधी. अशा शाळांना जादा शिक्षक व जादा पैसा मिळतो. नव्वदाची दरी सोडून नवाच्या भेगेवर घरात वाद घालण्यात काय अर्थ?

अर्थात तो छोटा फरकही फुकट सोसू नये. अनेक देशांत असे आढळले आहे की, मुलींना गणिताची धास्ती मुलग्यांपेक्षा जास्त वाटते. ही धास्ती पुष्कळदा घरच्या बोलण्यातूनच शिरते. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येक शाळेत गेल्या नाहीत. तरी पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ ठेवून त्यांनी बाजाराचा हिशोब चोख सांभाळला. त्यांना कोणी सांगितले नव्हते, की हे बायकांचे काम नव्हे.

तेव्हा पालकहो, पत्रक हाती आले की आकड्याआधी मुलीला विचारा, “कोणते गणित अडले?” बाजारात तिच्या हाती पैसे द्या, सुटे तिला मोजू द्या. ल्यूकन असो की आपले बेट, सरासरी ही हजारो मुलांची असते. तुमच्या घरातली मुलगी मात्र एकच आहे.