खळ्यावरचा वारा आणि समुद्रावरचा वारा

इंदापूर तालुक्यातील शेळगावापासून समुद्र फार दूर. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. तथापि समुद्रावरील वाऱ्याचे एक मर्म या भागातील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मळणीयंत्रे येण्यापूर्वी ज्वारी उपणताना तो खळ्यावर तिपाई मांडून तिच्यावर चढे. भूस वेगळे होण्यास धान्य उंचावरून पडावे लागते, हे तर खरेच. पण उंचावर वाराही अधिक लाभतो, हे दुसरे कारण.

असे का व्हावे? जमिनीलगतचा हवेचा थर ढेकळे, ताटे, बांध, झाडे यांस घासून मंदावतो. तो आपल्या वरच्या थरास मागे ओढतो आणि तो थर त्याच्याही वरच्यास. जसजसे वर जावे, तसतशी ही ओढ कमी होऊन वेग वाढतो. आरंभी झपाट्याने, पुढे हळूहळू. यास्तव वेधशाळांनी वाऱ्याचा वेग मोकळ्या जागी 10 मीटर उंचीवर मोजावा, असा जगभर संकेत आहे.

समुद्राचा पृष्ठभाग शेतापेक्षा पुष्कळ गुळगुळीत. त्यामुळे मोकळ्या शेतावर 100 मीटर उंचीवरील वेग 10 मीटरवरील वेगाहून साधारणतः 40 टक्के अधिक असेल, तर समुद्रावर तो सुमारे 20 टक्केच अधिक भरतो. मात्र वारा वाढला की लाटा उठतात आणि समुद्र स्वतःच खडबडीत होतो. हे नाते चार्नॉक या शास्त्रज्ञाने 1955 साली सूत्रात मांडले.

किनाऱ्याजवळ याहून निराळा प्रकार घडतो. तापलेल्या जमिनीवरील हवा त्याहून थंड पाण्यावर आली, म्हणजे तिचा खालचा थर गार व जड होऊन पाण्यालगत पडून राहतो. वरची हवा त्यात मिसळत नाही. ती जणू त्याच्यावरून घसरत जाते. अशा वेळी होडीत बसलेल्या कोळ्याच्या गालाला मंद झुळूक लागते, आणि काही मीटर वर वारा जोरात वाहत असतो. पुढे थरांची सरमिसळ झाली, की वरचा जोर झोताच्या रूपाने खाली उतरतो. याउलट, थंड हवा उबदार पाण्यावर आली तर थर सतत घुसळले जातात आणि खालीवर वेगात फारसा भेद उरत नाही. म्हणून पाण्यालगतच्या शांततेवरून वरच्या वाऱ्याचा अदमास बांधणे घातक ठरते.

पावसाळ्यात तर अरबी समुद्रावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वेगवान वाऱ्याचा एक प्रवाहच वाहतो. फिंडलेटर यांनी 1969 साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हाच प्रवाह समुद्राची वाफ आणून सह्याद्रीवर पाऊस पाडतो. घाट ओलांडून तो शेळगावच्या शिवारावर येतो, तेव्हा त्याच्यातील ओल बरीचशी सरलेली असते. शेतकरी आभाळाकडे पाहत राहतो. डोक्यावरून ढग धावत जातात, आणि पाऊस मात्र मागे घाटातच राहिलेला असतो.