डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर : बिघाड कोठे शोधावा?



जुन्या ट्रॅक्टरचा किंवा जीपचा डायनॅमो काढून तेथे अल्टरनेटर बसविण्याची सोय आता तालुक्याच्या गावीही असते. बदल चांगलाच आहे. इंजिन सावकाश फिरत असले की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नसे, आणि भर वेगातही अनेक जुन्या डायनॅमोंची मजल 20-22 अँपिअरपर्यंतच. अल्टरनेटर कमी वेगातही वीज देतो आणि 35 अँपिअर किंवा त्याहून अधिक देऊ शकतो.

पण पुष्कळदा होते काय, की नवे यंत्र बसवून आठ दिवस होत नाहीत तोच रात्रीच्या नांगरटीत दिवे मंदावतात. सकाळी स्टार्टर नुसता 'टक्' करून गप्प बसतो. मालक म्हणतो, "अल्टरनेटरच खोटा निघाला!" आणि दुसरा आणायला निघतो. जरा थांबा, बरे का. विहिरीवर मोठा पंप बसविला आणि पाइप मात्र जुनाच, गंजलेला ठेवला, तर पाणी पुरेसे कोठून येणार? येथेही तसेच. यंत्र नवे आले, विजेची वाट जुनीच राहिली. दोष बहुधा त्या वाटेत असतो.

तो शोधायला एक साधा मल्टिमीटर पुरे. तीन मापे घ्यायची.

पहिले माप सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी. 12 व्होल्टची बॅटरी पुरी भरलेली असेल तर 12.6 च्या आसपास आकडा येतो. 12.2 आला तर ती निम्मीच भरलेली समजा.

दुसरे माप इंजिन मध्यम वेगात ठेवून, बॅटरीच्याच टोकांवर. 13.8 ते 14.4 दिसले तर चार्जिंग ठीक. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरीचे पाणी आटत जाईल. आकडा मुळीच चढला नाही, तर इंजिन बंद करून पट्टा ढिला आहे का ते बघा. मग किल्ली फिरवून चार्जिंगचा लाल दिवा लागतो का बघा. पुष्कळ अल्टरनेटरांना सुरुवातीचा प्रवाह या दिव्यातूनच मिळतो. चार पैशांचा बल्ब गेला, की चांगले यंत्रही झोपून राहते! अल्टरनेटरच्या पोटातच रेग्युलेटर असेल, तर जुनी कट-आउटची पेटी जोडणीतून काढली आहे ना, हेही मिस्त्रीला विचारा.

तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे. इंजिन चालू, सगळे दिवे चालू. मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टला लावा, दुसरी बॅटरीच्या धन टोकाला. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला, तर तेवढा दाब वाटेतच खर्ची पडतो. मग अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मोजा. 0.2 हून अधिक आले तर अर्थिंग खराब. रंग, गंज, चिखल खरवडून जोड घट्ट करा. हे करताना धोतराचा सोगा, पदर पट्ट्यापासून दूर ठेवा, आणि त्या बोल्टवरून पाना सांगाड्याला लागू देऊ नका. इंजिन बंद असले तरी तेथे वीज असते.

वायर बारीक असेल तर प्रश्न फक्त मंद दिव्यांचा राहत नाही. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे : प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. उतरलेली बॅटरी नव्या अल्टरनेटरकडून एकदम मोठा प्रवाह ओढते. 20 अँपिअरसाठी घातलेली वायर तेव्हा तापते, तिचे आवरण वितळते, आणि शेजारीच डिझेलची नळी असते! म्हणून अल्टरनेटरच्या ताकदीची जाड वायर आणि बॅटरीजवळ योग्य फ्यूज हवाच.

आता तीन पथ्ये. ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अल्टरनेटरला बहुधा ऋण टोक सांगाड्याला लागते. जोडणी उलटी झाली तर त्यातील डायोड क्षणात जळतात. दुसरे, चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग होते का' बघण्याची जुनी सवय सोडा. डायनॅमोच्या काळी ती एखादे वेळी खपून गेली असेल. अल्टरनेटरचे डायोड व रेग्युलेटर तिने निकामी होऊ शकतात. तिसरे, ट्रॅक्टरला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा. आणि बॅटरीजवळ विडी नको. तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो.

ही तीन मापे घ्यायला अर्धा तास लागतो. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर वापसा आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा दुसऱ्या अल्टरनेटरसाठी खिशात हात घालण्यापूर्वी तेवढा अर्धा तास जरूर काढा.