पडद्यामागची खुर्शीद

औंढ्यात नागनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका हॉटेलात रेडिओ चालू होता. किशोरकुमारचं 'झुमरू'मधलं ते एकाकीपणाचं गाणं लागलं, तसे शेजारच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "हे मूळ अशोककुमारचं. आमच्या वडिलांकडं तबकडी होती."

'झुमरू' 1961चा. त्यात संगीतकार म्हणून नाव आहे खुद्द किशोरकुमारचं. मग अशोककुमारच्या गळ्यातली ही चाल कुठली? मागे जात जात 'जीवन नैया'पाशी येऊन थांबलो. साल 1936, कंपनी बॉम्बे टॉकीज. आणि संगीत? सरस्वती देवी.

बाई? त्या काळात? मी चमकलो. दुसरा धक्का लगोलग बसला. सरस्वती देवी हे त्यांचं खरं नावच नव्हतं. त्या खुर्शीद मिनोचर-होमजी, मुंबईच्या पारशी घरातल्या, जन्म 1912चा. गाणं शिकल्या ते विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे. 1927मध्ये मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं आणि त्यानंतर खुर्शीद, माणेक आणि आणखी दोन बहिणी मिळून तिथे कार्यक्रम करू लागल्या. 'होमजी सिस्टर्स' हे नाव श्रोत्यांच्या तोंडी बसलं.

रेडिओवर नुसता आवाज जातो, चेहरा दिसत नाही. तोवर कुणाची फारशी हरकत नव्हती. बॉम्बे टॉकीजच्या हिमांशू रॉय यांनी यांतल्या खुर्शीद आणि माणेकला सिनेमात आणलं, आणि 1935मध्ये 'जवानी की हवा' येणार म्हटल्यावर पारशी समाजात काहूर माजलं. आपल्या मुली सिनेमात? निदर्शनं झाली, पोलीस बंदोबस्तात खेळ लावावा लागला. रॉय यांनी तोड काढली ती नावं बदलण्याची. माणेकची झाली चंद्रप्रभा, खुर्शीदची सरस्वती देवी. चंद्रप्रभा पडद्यावर दिसायच्या. सरस्वती देवी वाद्यवृंद सांभाळायच्या.

हे सांभाळणं म्हणजे काय, ते 'अछूत कन्या'त कळतं. चित्रपट 1936चा. अशोककुमार आणि देविका राणी यांचं झाडाखालचं द्वंद्वगीत आपण किती कौतुकानं पाहतो! पण तेव्हा पार्श्वगायनाची सोय रुळलेली नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गायचे आणि वादक चौकटीच्या बाहेर, झाडाझुडपांच्या आडोशाला बसून साथ द्यायचे. वादक चित्रात येता कामा नयेत आणि त्यांचा सूर मात्र मायक्रोफोनपर्यंत पोचला पाहिजे. एकाचा स्वर घसरला की सगळा टेक पहिल्यापासून.

त्यातून अशोककुमार आदल्या वर्षापर्यंत त्याच स्टुडिओच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. देविका राणीही गायिका नव्हत्या. भातखंड्यांच्या शिष्येला रागाचा पसारा मांडायची हौस असणारच. पण त्यांनी अशा चाली बांधल्या की न गाणाऱ्याच्याही गळ्यात सहज बसाव्यात. मला यात त्यांची खरी विद्या दिसते. अवघड बांधायला ज्ञान पुरतं. सोपं बांधायचं तर समोरच्याचा गळा ओळखावा लागतो, आपली हौस आवरावी लागते.

आमच्या औंढ्यात सांगतात, नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, तेव्हा ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. झाडाआडून वाद्यवृंद चालवणाऱ्या या बाईंकडे मात्र कुणी वळलं नाही.

'अछूत कन्या'च्याच काळात तिकडे अमेरिकेत स्विंग संगीताची लाट होती. 1934पासून इना रे हटन 'मेलोडिअर्स' हा बायकांचाच बँड चालवत होती, हातात कांडी घेऊन, रंगमंचाच्या ऐन मध्यावर. तिचंही नाव खरं नव्हतं. शिकागोत जन्मलेली ती ओडेसा कॉवन. जुन्या जनगणनेच्या कागदांत तिच्या घरची नोंद कृष्णवर्णीय म्हणून आहे. बँड चालवताना ती गोरी म्हणून वावरली, आणि ही गोष्ट उजेडात आली ती तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. एक वंश झाकत होती, दुसरी घराणं. दोघींनाही काम करायचं होतं आणि कामाची किंमत म्हणून आईबापांनी दिलेलं नाव सोडावं लागलं. या योगायोगानं मी अजून अस्वस्थ होतो.

पहिली बाई संगीतकार कोण, या वादात मला शिरायचं नाही. जद्दनबाईंनीही 1935मध्ये 'तलाश-ए-हक'ला संगीत दिलं होतं. पण एका मोठ्या स्टुडिओत वर्षामागून वर्षं चित्रपट हाताळत राहणं ही गोष्ट निराळी. 'जन्मभूमी', 'कंगन', 'बंधन', 'झूला'... पुढच्या काळात त्यांच्या वाट्याला काम कमी येत गेलं. 1980मध्ये त्या गेल्या.

त्यांचं काही ऐकायचं असेल तर 1941च्या 'झूला'पासून सुरुवात करा. त्यात अशोककुमारचं एक मिश्कील गाणं आहे. पहिली ओळ कानावर पडताच तुम्ही हसाल, कारण 1968च्या 'पडोसन'मधली किशोरकुमार आणि मन्ना डे यांची ती प्रसिद्ध जुगलबंदी याच मुखड्यावर उभी आहे.