पुरळ : उपद्रव की गुणाचे लक्षण?

फुप्फुसाच्या कर्करोगावर रोज गोळी घेणारा रुग्ण चेहरा, छाती व पाठीवर पुरळ घेऊन येतो आणि ‘रक्त बिघडले आहे, रक्तशुद्धीचे औषध द्या’ असे म्हणतो, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. आमच्याकडे आलेल्या अशा एका रुग्णाने नातेवाइकांच्या सल्ल्याने मूळ गोळीच आठ दिवस बंद ठेवली होती. उलटपक्षी, ‘पुरळ उठले, म्हणजे गोळी लागू पडली’ असे ऐकून निश्चिंत झालेले कुटुंबही आम्ही पाहिले. या दोन समजुतींत तथ्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुरळ का उठते?

एर्लोटिनिब व जेफिटिनिब ही औषधे ईजीएफआर नावाच्या रिसेप्टरचे कार्य रोखतात. काही रुग्णांत जनुकबदलामुळे हा रिसेप्टर सतत जागृत राहतो व कर्करोगाच्या पेशी वाढत जातात. मात्र हाच रिसेप्टर निरोगी त्वचेच्या तळच्या थरात व केशमूळांतही असतो. त्यामुळे बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच पुरळ उठते. ते मुखदूषिकेसारखे दिसले तरी मुखदूषिका नव्हे, आणि रक्तदुष्टीचा स्वतंत्र व्याधीही नव्हे. औषध शरीरात पोहोचल्याची ती खूण आहे.

पुरावा काय सांगतो?

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बीआर.२१’ या चाचणीत एर्लोटिनिब घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ६.७ महिने, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ४.७ महिने आढळले. एर्लोटिनिब घेणाऱ्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना पुरळ उठले आणि ज्यांना ते उठले ते सरासरीने अधिक जगले. ‘पुरळ म्हणजे गुण’ हा समज येथून रूढ झाला.

परंतु त्यात एक मेख आहे. जो रुग्ण अधिक काळ जगतो व औषध घेतो, त्याला दुष्परिणाम दिसण्यास अवधीही अधिक मिळतो. लवकर दगावलेल्यास तो मिळतच नाही. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एर्लोटिनिबची पातळी कमी राहते, म्हणून अशा रुग्णांना १५० ऐवजी ३०० मिलिग्रॅम मात्रा देऊन पाहण्यात आली. पुरळ वाढले, आयुर्मान वाढले नाही. पुढे आलेले ओसिमर्टिनिब निरोगी त्वचेतील रिसेप्टरला तुलनेने कमी बाधते. त्याने पुरळ कमी उठते, तरीही २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लोरा’ चाचणीत रोग न वाढता गेलेला मध्यक काळ १८.९ महिने होता. जुन्या दोन औषधांनी तो १०.२ महिने होता. गुण येण्याचा खरा अंदाज जनुकचाचणीवरून बांधला जातो, हे २००९ च्या ‘आयपास’ चाचणीने स्पष्ट केले होते. गुण आला की नाही, हे मात्र स्कॅनच ठरवितो.

आपल्या शास्त्रातही हा विवेक आहेच. विरेचनाचा सम्यक् योग आपण लक्षणांवरून ओळखतो. पण वेग जितके अधिक तितकी शुद्धी अधिक असे मानीत नाही, त्यास अतियोग म्हणतो. भल्लातकाने अंगावर फोड उठले, तर ‘औषध लागले’ म्हणून कोणीही मात्रा वाढवीत नाही.

आपले कर्तव्य

१. कर्करोगाची गोळी बंद करण्यास वा मात्रा बदलण्यास सांगू नये. पुरळ तीव्र असल्यास रुग्णास कर्करोगतज्ज्ञांकडे परत पाठवावे. मात्रा कमी करण्याचा निर्णय त्यांचा.

२. या औषधांनी अतिसारही होतो. म्हणून रक्तशुद्धीसाठी विरेचन वा सारक योग देणे अहितकर ठरेल.

३. एर्लोटिनिब व जेफिटिनिब यांचे पचन मुख्यत्वे यकृतातील सीवायपी३ए४ या एन्झाइममुळे होते. पिप्पली व मरिचातील पायपरीन हे एन्झाइम मंदावते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसले आहे. त्रिकटूयुक्त कल्प कर्करोगतज्ज्ञांना कळविल्याखेरीज देऊ नयेत.

४. जठरातील अम्लता घटली की याच दोन गोळ्यांचे शोषण कमी होते. शंखभस्मादी क्षारीय कल्पांबाबत म्हणूनच सावध असावे. एर्लोटिनिब रिकाम्या पोटी घ्यावयाचे असते, हे औषधविक्रेत्यांनी रुग्णास आवर्जून सांगावे.

५. मुरुमांवरील त्वचा कोरडी करणारी मलमे विकत देऊ नयेत. सौम्य स्नेहन व उन्हापासून संरक्षण हितकर.

६. नव्याने दम लागणे, कोरडा खोकला, ताप ही लक्षणे दिसताच रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. तो औषधजन्य फुप्फुसदाह असू शकतो व प्राणघातक ठरू शकतो. त्यास गुणाचे लक्षण समजण्याची चूक कदापि होऊ नये.

आमच्या त्या रुग्णाने गोळी पुन्हा सुरू केली; त्वचेची काळजी आम्ही व त्याचे तज्ज्ञ मिळून घेत राहिलो. पुरळ उठलेल्यास ‘घाबरू नका, गोळी सोडू नका’ असे सांगावे. पुरळ न उठलेल्यास ‘औषध वाया गेले’ असे वाटू देऊ नये. हे दोन्ही धीराचे शब्द रुग्णाला बहुधा प्रथम आपल्याकडूनच ऐकावयाचे असतात.