करडे गावच्या न्हाव्याचा नकार

दौंडहून एका वाचकांनी विचारलं आहे: जनुकं स्वार्थी असतात असं विज्ञान सांगतं, मग निःस्वार्थ मदत खरंच असते का, की तो नुसता देखावा? या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर नातलगांसाठी राबणाऱ्या मधमाश्यांपासून सुरू होतं. 1964 साली विल्यम हॅमिल्टन यांनी नातलगांसाठी केलेल्या त्यागाचं गणित मांडलं. 1971 मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी ‘आज मी तुला, उद्या तू मला’ या व्यवहाराचं स्पष्टीकरण दिलं. हॅमिल्टन यांच्या आधी, 1955 मध्येच, जे. बी. एस. हॉल्डेन यांनी बुडणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊन नातलगांसाठीच्या त्यागाचा हाच हिशेब करून दाखवला होता. त्यात त्यांनी प्रांजळपणे हेही लिहिलं की, स्वतः दोनदा पाण्यातून माणसं बाहेर काढली तेव्हा असला हिशेब करायला सवडच नव्हती.

पण प्रश्न भीमेकाठचा आहे, तर उत्तरही तिथेच शोधू. दौंडच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. 1874 च्या डिसेंबरात या गावाने जे केलं, ते मला प्रयोगशाळेतल्या कुठल्याही प्रयोगाहून मोलाचं वाटतं.

अमेरिकेतलं यादवी युद्ध चाललं होतं तोवर दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव होता आणि सावकार मागेल त्याला कर्ज देत होते. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. पाठोपाठ फेरआकारणी झाली आणि शेतसारा भरमसाट वाढला. सारा रोखीत भरायचा आणि रोकड सावकाराकडेच. कर्जखतावर अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. अशा दिवसांत काळूराम नावाच्या सावकाराने करडे गावच्या बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं.

गावाने दगड उचलला नाही. गावाने हात आखडता घेतला. गावातल्या सगळ्याच सावकारांच्या दुकानातून कुणी माल घेईना, त्यांच्या शेतात कुणी राबेना. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार या बलुतेदारांनी सावकारांची कामं बंद केली. कोंडी इतकी पक्की होती की सावकारांना गाव सोडून शिरूरचा आसरा घ्यावा लागला. आयर्लंडमधल्या कुळांनी कॅप्टन बॉयकॉटची अशीच कोंडी केली ती 1880 मध्ये, म्हणजे करड्यानंतर सहा वर्षांनी. तिची कीर्ती जगभर गेली. करड्याचं नाव मात्र इतिहासाच्या पुस्तकांबाहेर फारसं ऐकू येत नाही, आणि याची मला खंत वाटते.

आता यात जीवशास्त्राला कोडं काय? शेतकरी, न्हावी, परीट, लोहार ही वेगवेगळ्या जातींची माणसं, म्हणजे देशमुखांचे रक्ताचे नातलग नव्हेत. हॅमिल्टनचं गणित इथे चालत नाही. ज्याचं घरच पाडलं जातंय तो उपकार फेडणार कसा? ट्रिव्हर्सचंही चालत नाही. यावर शंकेखोर म्हणेल, सगळेच कर्जात होते, आज त्याचं घर तर उद्या माझं, म्हणजे हा स्वार्थच. तर्क बरोबर आहे, पण अर्धवट. निव्वळ स्वार्थ पाहणाऱ्याने काय केलं असतं? बहिष्कार इतरांना घालू द्यायचा आणि स्वतः मागच्या दाराने सावकाराकडून साऱ्याचे पैसे उचलायचे. बहिष्कार यशस्वी झाला तर फायदा आपल्यालाही, फसला तर आपलं काही गेलं नाही. प्रत्येकाने असा विचार केला असता तर चार दिवसांत कोंडी फुटली असती.

एर्न्स्ट फेर आणि सायमन गॅश्टर यांनी 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये नेमका हाच पेच मांडला. त्यांनी 240 विद्यार्थी घेतले आणि चौघाचौघांचे गट केले. प्रत्येकाला 20 नाणी. सामाईक निधीत एक नाणं टाकलं की चौघांनाही प्रत्येकी 0.4 परत. सगळ्यांनी सगळं टाकलं तर सगळ्यांची चांदी, पण एकट्याने हात आखडला तर त्याची जास्त चांदी. असा खेळ चालू ठेवला की निधी आटत जातो. मग एक मुभा दिली: स्वतःचं एक नाणं खर्चून चुकाराची तीन नाणी बुडवता येतील. दर डावाला गट बदलत होते, म्हणजे आजच्या शिक्षेचा फायदा पुढच्या डावात आपल्याला मिळण्याची शक्यता नाही. तरीही बहुसंख्य विद्यार्थ्यांनी पदरमोड करून शिक्षा केली आणि निधी वाढत गेला. लेखकांनी याला परोपकारी शिक्षा म्हटलं.

या शोधाचा पुढे फार गाजावाजा झाला. माणूस जन्मतःच न्यायासाठी झीज सोसणारा आहे, असे मथळे त्यातून निघाले. तेवढं मला पटत नाही. विद्यार्थ्यांच्या हातात संशोधकांनी दिलेली नाणी होती, तीही निनावी खेळात. सूड उगवणारं समोर कुणी नव्हतं. तत्त्वज्ञ फ्रान्चेस्को ग्वाला यांनी 2012 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. लहान समाजांच्या प्रत्यक्ष नोंदी चाळल्या तर एकटा माणूस खिशातून मोल मोजून दुसऱ्याला शिक्षा करताना क्वचितच दिसतो. दिसते ती कुजबुज, टिंगल, वाळीत टाकणं. म्हणजे शिक्षा सगळे मिळून करतात आणि तिचं ओझं इतक्या खांद्यांवर वाटलं जातं की कुणा एकाचा कणा मोडत नाही.

करडे ग्वालांच्या बाजूने साक्ष देतं. बलुतेदाराचा विचार करा. त्याला वर्षाचं धान्य साऱ्या गावाच्या खळ्यावरून मिळायचं. सावकाराला नकार दिला तर एका घराचं बुडणार. गावाविरुद्ध गेला तर सगळ्यांचंच. त्याचा त्याग वाटतो त्याहून स्वस्त होता, कदाचित थोडा सक्तीचाही. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावाने तर ही सक्ती कागदावरच उतरवली: सावकाराची शेती कसेल किंवा चाकरी करेल त्याच्याकडचीही बलुतेदारांची कामं बंद. बहिष्कार मोडणाऱ्यावर बहिष्कार! शिक्षा न करणाऱ्याला शिक्षा कोण करणार, हा प्रश्न सिद्धांतकारांना पुढे शंभर वर्षांनी छळू लागला. कळसच्या माणसांनी तो एका कागदात सोडवून टाकला होता. ते वाचून मी थक्क झालो.

मग परोपकार उरला कुठे? माझ्या मते पहिल्या नकारात. बाकीचं गाव साथ देईल याची खात्री होण्याआधी कुणीतरी पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं असणार. त्या क्षणी संपूर्ण किंमत त्या एकट्याच्या माथी होती. सावकाराचं नाव नोंदलं गेलं, देशमुखांचं नोंदलं गेलं. त्या पहिल्याचं, मग तो न्हावी असो की सालगडी, पुस्तकांत नाही.

करड्याच्या बहिष्कारानंतरच्या मे महिन्यात, 12 तारखेला, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात सुपे इथे सावकारांविरुद्ध दंगा झाला. आजचा दौंडही त्याच तालुक्यात मोडायचा. कर्जखतं आणि वह्या जाळल्या गेल्या. कागद हाती पडल्यावर सावकारांना इजा करण्याचे प्रकार मात्र फार थोडे झाले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायालयाला कर्जाचा मूळ हिशेब उकरण्याची मुभा मिळाली. संरक्षण सर्वांनाच मिळालं, मागच्या दाराने सावकाराकडे जाणाऱ्यांनाही.

वाचकांच्या प्रश्नाची दुसरी बाजू टाळणं बरोबर होणार नाही. बहिष्काराचं हेच हत्यार गावाने दलितांवर उगारलं आहे, जातपंचायतींनी आंतरजातीय लग्न करणाऱ्यांवर चालवलं आहे. करडे गावातही काळूरामच्या हुकूमनाम्याशी संबंध नसलेल्या सावकारांच्या घरांची कोंडी झालीच. बेनेडिक्ट हेरमान, ख्रिश्चन थ्योनी आणि गॅश्टर यांनी 2008 मध्ये फेर-गॅश्टरचा खेळ जगातल्या 16 शहरांत नेला. काही शहरांत लोकांनी चुकारांइतकीच शिक्षा निधीत भरभरून टाकणाऱ्यांनाही केली. एकजुटीने शिक्षा करण्याची ताकद स्वतःहून न्याय्य नसते. कुणाविरुद्ध वापरायची हे तिला बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. महाराष्ट्राने ते 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने सांगितलं: कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा मी मनापासून योग्य मानतो, आणि करडे गावचा तो पहिला नकारही.