स्थलांतरित शिकारी पक्ष्यांची मोजणी

जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णा संगमाजवळ हतनूर धरणाचा जलाशय आहे. हिवाळ्यात येथे बदकांबरोबर शिकारी पक्षीही उतरतात: दलदलीवर घिरट्या घालणारा भोवत्या, पाण्यात सूर मारून मासा पकडणारा ऑस्प्रे. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत पाणथळीवर जगणारे असे शिकारी पक्षीही नोंदवले जातात.

गरुड आणि बाज पंख फारसे न हलवता प्रवास करतात. उन्हाने जमीन तापली की गरम हवेचे स्तंभ वर चढतात. त्यांत गोल फिरत पक्षी उंची गाठतात आणि तरंगत पुढच्या स्तंभाकडे जातात. म्हणून निरीक्षक मनोऱ्यावर किंवा टेकडीवर उभे राहून सकाळपासून दुपारपर्यंत मोजतात. घिरट्या घालणाऱ्या थव्यात तोच पक्षी दोनदा मोजला जातो; त्यामुळे थवा रांगेने पुढे सरकू लागल्यावरच आकडा घेतात. जात ठरते ती पंखांची ठेवण, शेपटीचा आकार आणि उडण्याची ढब यांवरून. तारीख, वेळ, वारा आणि ढग यांचीही नोंद होते. जॉर्जियातील बातुमी येथे अशा मोजणीत एका हंगामात दहा लाखांहून अधिक पक्षी भरतात.

भोवत्या मात्र पंख मारतही लांब जातो आणि विखरून प्रवास करतो. खान्देशासारख्या मोकळ्या मुलखात त्याची मोजणी रात्रीच्या मुक्कामी सोपी पडते. हे पक्षी संध्याकाळी उंच गवतात जमिनीवर एकत्र उतरतात. तेव्हा सूर्यास्तापूर्वीपासून अंधार पडेपर्यंत उतरणारा प्रत्येक पक्षी टिपतात. वर्षानुवर्षांच्या अशा आकड्यांवरून गवताळ राने टिकली की घटली, हेही कळते.